खर्डा आणि टिपकनू: एका अमेरिकी पलटणवाल्याची गोष्ट

भूमच्या वायव्येला खर्डा आणि नैर्ऋत्येला परांडा. दोन्ही गावं भूमपासून तीसएक किलोमीटरच्या टप्प्यात. बालाघाटाच्या उतरंडीवरचा हा मुलूख पावसानं नेहमीच हात राखून दिलेला. रब्बीच्या ज्वारीवर जगणारा आणि शेकडो वर्षं कुठल्या ना कुठल्या राज्याच्या कडेला पडलेला. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, निजाम, पेशवे अशा सगळ्यांच्या सरहद्दी इथून सरकत गेल्या. खर्डा इंग्रजी मुलखात आणि भूम, परांडा निजामाच्या राज्यात ही वाटणी तर १९४८ पर्यंत टिकली. एका गावाहून दुसऱ्या गावाला माल न्यायचा तर मधे करोडगिरीचा नाका लागे, हे सांगणारी पिढी आता आता संपली.

सरहद्दीला सैनिक लागतात, आणि दख्खनच्या या सरहद्दीवर ते फार लांबून येत असत. परांड्याच्या किल्ल्यावर एकेकाळी मुलुखमैदान तोफ होती. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की कारागिरानं. १६३२ मध्ये ती विजापूरला गेली आणि आजही तिथेच आहे. पुढच्या काळात अरब आले, रोहिले आले, हबशी आले, मग फ्रेंच, इंग्रज, आयरिश, इटालियन. या रांगेत एक अमेरिकन होता, याची आठवण मात्र आपल्याकडे फारशी राहिलेली नाही. निजाम आणि पेशवा या दोघांचीही चाकरी केलेला हा माणूस पुढे आपल्या देशात परतला, तिथल्या पश्चिम सरहद्दीवर लढला आणि ब्रिगेडियर जनरल झाला. त्याचं नाव जॉन पार्कर बॉइड.

बॉइडचा जन्म २१ डिसेंबर १७६४ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्ट या बंदरातला. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि संपलं तेव्हा अठराचा. म्हणजे ज्या युद्धानं त्याच्या आधीच्या पिढीला नाव दिलं, ते त्याच्या हातून थोडक्यात निसटलं. त्या पिढीचा सगळ्यांत लखलखीत माणूस डॅनियल मॉर्गन. व्हर्जिनियाच्या डोंगराळ सरहद्दीवर मालगाड्या हाकणारा हा गाडीवान. १७७५ मध्ये त्यानं रायफलवाल्यांची तुकडी उभी केली आणि सुमारे सहाशे मैलांची मजल तीन आठवड्यांत मारून ती बॉस्टनला नेली.

या रायफलचं वैशिष्ट्य समजून घ्यायला हवं, कारण पुढची गोष्ट त्यावर टेकलेली आहे. साधी फौजी बंदूक म्हणजे मस्केट. तिची नळी आतून गुळगुळीत. गोळी सैल बसते, पटकन भरता येते, पण शंभर पावलांपलीकडे ती कुठे जाईल याचा भरवसा नाही. रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. गोळी त्या खाचांत घट्ट बसून गिरक्या घेत सुटते आणि दोनशे यार्डांवरचा माणूस टिपते. पेनसिल्वेनियातल्या जर्मन लोहारांनी या लांब नळीच्या बंदुका घडवल्या, त्या मुळात शिकाऱ्यांसाठी. भरायला तिला वेळ लागे आणि पुढे संगीन लावता येत नसे. त्यामुळे रायफलवाला झाडामागून, खडकामागून लढे आणि रांगेतला शिपाई रांगेत. मॉर्गनचं मोठेपण हे, की त्यानं या दोघांना एका लढाईत बसवलं. १७ जानेवारी १७८१ ला काउपेन्स इथं त्यानं रायफलवाले पुढे ठेवले, दोन बार काढून मागे सरका असं सांगितलं, आणि पाठलागावर आलेल्या इंग्रजांना मागच्या कवायती रांगांवर आणून आपटलं. त्या इंग्रजी तुकडीचा वरिष्ठ होता लॉर्ड कॉर्नवॉलिस. त्याच वर्षी ऑक्टोबरात यॉर्कटाउनला शरण आलेला हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला.

बॉइडच्या वाट्याला आलं ते युद्धानंतरचं कर्ज. मॅसॅच्युसेट्समध्ये शेतकरी करांनी आणि सावकारांच्या दाव्यांनी गांजले होते. १७८६ मध्ये डॅनियल शेज या माजी सैनिकाच्या नावानं ओळखला जाणारा उठाव झाला. शेतकऱ्यांनी कचेऱ्यांवर जाऊन न्यायालयांचं काम बंद पाडलं. तेव्हा सरकारनं जी जादा पलटण भरती केली, त्यात बॉइड एन्साइन, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा अधिकारी म्हणून लागला. त्याची पहिली लष्करी नेमणूक ही अशी, आपल्याच मुलखातल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांविरुद्ध. १८७५ चे दख्खनचे दंगे वाचलेल्या मराठी वाचकाला तो उठाव परका वाटणार नाही.

शांततेच्या काळात त्या नव्या देशाला फौज ठेवणं परवडत नव्हतं. न्यूबरीपोर्टसारख्या बंदरांतून मात्र जहाजं आता थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत जाऊ लागली होती. १७८९ मध्ये बॉइडनं हीच वाट धरली. १७९० च्या जूनमध्ये तो मद्रासहून वडिलांना पत्र लिहीत होता: हैदराबादला गेलो, इंग्रज वकिलानं निजामाची भेट करवून दिली आणि पाचपाचशे माणसांच्या दोन पायदळ तुकड्या माझ्या हाती आल्या. पंचविशीतला पोरगा, मागे जेमतेम एन्साइनची नोकरी, आणि हजार माणसांचा अंमल! टिपूवर निघालेल्या निजामी फौजेचं वर्णन करताना त्यानं दीड लाख पायदळ, साठ हजार स्वार आणि पाचशे हत्ती असे आकडे घरी कळवले. ते फुगवलेले आहेत हे उघड आहे. घरी लिहिणारा तरुण असं लिहितोच. पण त्या मोहिमेत एक विलक्षण योग होता. टिपूविरुद्ध कंपनी, निजाम आणि पेशवे एकत्र होते आणि १७९१ पासून त्यांच्या मोहिमेचं नेतृत्व कॉर्नवॉलिस करत होता. अमेरिकेनं ज्याला हरवलं त्याच्याच बाजूच्या फौजेत एक अमेरिकन चाकरीला लागला होता.

बॉइडचा धंदा पुढे वाढला. त्याचं वेगळेपण असं, की तो नुसता पगारी अधिकारी राहिला नाही. माणसं त्याची, बंदुका त्याच्या, तोफा त्याच्या, त्या वाहणारे हत्तीही त्याचे. ही सगळी पलटण महिन्याच्या बोलीनं दरबारांना भाड्यानं द्यायची. निजाम, होळकर, पेशवा अशा तीन दरबारांशी त्याचे असे व्यवहार झाले. आपल्याकडचा शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. बॉइड स्वतःची फौज घेऊन आला.

आता खर्ड्याकडे येऊ, कारण बॉइडसारख्यांचा बाजार ज्या लढाईनं चढवला ती इथं झाली. वाद जुना होता. चौथाईचे पंचवीस आणि सरदेशमुखीचे दहा टक्के हा मराठ्यांचा हक्क निजामाच्या मुलखावर चालत आलेला. त्याची थकबाकी वाढत वाढत कोटींत गेली होती. नाना फडणिसांनी हिशेब मागितला. निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क यानं तो धुडकावला. इंग्रज गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यानं दोघांच्या भांडणात पडायचं नाही असं ठरवलं. निजाम अली खान बिदरहून निघून मांजरेच्या काठाकाठानं वर सरकला आणि मोहरीचा घाट उतरून खर्ड्याखाली आला. पलीकडे परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखाली मराठ्यांची सगळी घराणी जमली होती: दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरचे रघूजी भोसले. तरुण पेशवा सवाई माधवराव स्वतः छावणीत होता. दोन्हीकडे मिळून दोन लाखांवर माणूस होता, असं ग्रँट डफचे आकडे सांगतात. मराठा सरदार असे पुन्हा एका झेंड्याखाली आले नाहीत.

११ मार्च १७९५, फाल्गुन वद्यातला दिवस. निजामाची फौज खर्ड्याहून परांड्याच्या रोखानं कूच करत होती, म्हणजे आजच्या भूम तालुक्याच्या पश्चिम कडेनं जाणाऱ्या वाटेला. उजव्या बाजूला मराठे दिसले. निजामानं बाजारबुणगे डावीकडे वळवले आणि असद अली खानाचे स्वार व रेमंडच्या पलटणी पुढे घातल्या. हा रेमंड फ्रेंच. निजामाचं कवायती पायदळ त्याच्या हाती होतं. समोर शिंद्यांचा कंपू होता, द बॉइन्यानं घडवलेला आणि त्या दिवशी पेरॉन या फ्रेंचाच्या हुकमाखाली असलेला. म्हणजे बालाघाटाच्या पायथ्याशी दोन फ्रेंचांच्या हाताखालच्या दोन दख्खनी-हिंदुस्थानी फौजा एकमेकींवर बार काढत होत्या.

आधी निजामाची सरशी झाली. परशुरामभाऊंना जखम झाली, विठ्ठलराव पटवर्धन पडले, मराठ्यांची आघाडी मागे हटली. मग पेरॉनच्या उंचवट्यावरच्या तोफा आणि नागपूरकरांचे बाण एकदम सुटले आणि निजामाचे स्वार फुटले. रेमंडच्या पलटणी मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी रांगा राखल्या होत्या आणि रात्र तिथेच काढून सकाळी पुन्हा लढायची रेमंडची तयारी होती. नेमका तेव्हा निजामानं त्याला मागे बोलावलं. अंधारात मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांना पाणी दाखवायला ओढ्यावर आली, तिथं गोळीबार झाला आणि एवढ्यावरून सगळ्या निजामी छावणीत धावपळ उडाली. चंद्र उगवायच्या आत फौज उधळली होती. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. निंबाळकरांनी बांधलेला तो किल्ला आटोपशीर आहे, एवढ्या लष्कराला आसरा देणारा नाही. भोवती मराठ्यांचा वेढा पडला, आत पाण्याचे हाल झाले आणि दोन दिवसांत तहाची बोलणी लागली. दोन्ही बाजूंचे मेलेले मोजले तर एवढ्या फौजांच्या मानानं ते फार थोडे निघाले.

या लढाईकडे मराठेशाहीचा शेवटचा एकजुटीचा विजय म्हणून पाहायची आपली रीत आहे, आणि ती खोटी नाही. पण मला तिच्यात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कवायती पलटण त्या दिवशी हरली नाही. तिच्या मागचा दरबार हरला. तोफा, संगिनी, कवाइत हे सगळं पैसे मोजून मिळवता येत होतं. अंधारात पाय रोवून उभं राहायचं कुणासाठी, हे मिळवता येत नव्हतं. दरबारांनी मात्र धडा उलटा घेतला. पलटणी आणखी वाढवा, आणखी फिरंगी ठेवा, असं दोन्हीकडे ठरलं. हैदराबादेत रेमंडचं बळ वाढलं, तशी त्याला तोल म्हणून फिंगलास नावाचा आयरिश आणि आपला बॉइड यांची गरज इंग्रज वकिलाला वाटू लागली. फ्रेंचांच्या हाती सगळी फौज जाण्यापेक्षा अमेरिकन बरा, असा हा हिशेब.

तो टिकला नाही. १७९६ मध्ये बॉइडचं निजामाशी बिनसलं आणि सुमारे अठराशे माणसं घेऊन तो पुण्याला आला. पेशव्यांच्या पायदळाचा मुख्य म्हणून त्याला दरमहा तीन हजार रुपये तैनात ठरली. थिओबाल्ड वुल्फ टोन या आयरिश क्रांतिकारकाचा भाऊ विल्यम टोन त्याच पायदळात होता. मराठ्यांच्या राज्यकारभारावरचं विल्यमचं लिखाण आजही अभ्यासक वाचतात.

बॉइड आला ते पुणं भयंकर होतं. खर्डा जिंकून आठ महिने झाले नाहीत तोच, ऑक्टोबर १७९५ मध्ये, सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेला. गादीवर कोण, यावरून वर्षभर कारस्थानं चालली. चिमाजी अप्पाला दत्तक बसवलं गेलं, नाना महाडला निघून गेले, शिंदे, परशुरामभाऊ आणि बाजीराव यांचे डाव रोज पालटत होते. ऑक्टोबर १७९६ मध्ये नानांची बाजी जुळत आली तेव्हा बॉइडनं पेशव्यांच्या पलटणी नीरेच्या पुलाकडे हलवल्या, जिथं नानांची माणसं जमत होती. डिसेंबरात बाजीराव गादीवर बसला. न्यूबरीपोर्टच्या एका माणसाच्या पलटणी शेवटच्या पेशव्याच्या राज्यारोहणाच्या वजनकाट्यात पडल्या होत्या.

आणि या सगळ्याची किंमत कुणी दिली? खर्ड्याच्या तहानं निजामानं परांड्यापासून तापीपर्यंतची सरहद्दीची पट्टी आणि दौलताबाद मराठ्यांना तोडून दिलं होतं, कोट्यवधींची खंडणी कबूल केली होती आणि दिवाण मुशीर-उल्-मुल्कला ओलीस धाडलं होतं. महाडच्या बोलण्यांत नानांनी निजामाचा पाठिंबा मिळवायला हा मुलूख परत देऊ केला आणि उरलेली खंडणी सोडली. मार्च १७९५ मध्ये ज्यासाठी बालाघाटाखाली एवढं लष्कर उभं राहिलं, ते दीड वर्षात कागदावरून पुसलं गेलं. दिवाणही सुटून हैदराबादला परतला आणि १७९८ मध्ये त्याच्याच कारकिर्दीत निजामानं कंपनीची तैनाती फौज घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात रेमंडच्या पलटणी मोडल्या गेल्या. रेमंड मार्चमध्येच वारला होता.

बॉइडला वाऱ्याची दिशा वेळीच कळली असावी. त्याच सुमारास त्यानं आपला सरंजाम फिलोज या नेपल्सच्या पलटणवाल्याला विकला आणि तो हिंदुस्थानातून निघाला. फिलोज हे नाव पुण्याला ठाऊक आहे: ३१ डिसेंबर १७९७ ला शिंद्यांच्या वतीनं शब्द देऊन नाना फडणिसांना पकडणारा मायकेल फिलोज हा नेपल्सचाच. १८०८ च्या सुरुवातीला बॉइड पॅरिसमध्ये होता आणि त्या वर्षी ७ ऑक्टोबरला अमेरिकेच्या चौथ्या पायदळ रेजिमेंटचा कर्नल म्हणून त्याची नेमणूक झाली.

पुढची सरहद्द होती इंडियाना. १८०९ च्या फोर्ट वेनच्या करारानं गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसननं तिथल्या काही जमातींच्या मुखियांकडून सुमारे तीस लाख एकर जमीन लिहून घेतली. शॉनी जमातीचा टेकुम्से म्हणत होता की जमीन सगळ्या जमातींची सामाईक आहे, कुणा एकाला ती विकण्याचा अधिकारच नाही. टिपकनू नदीच्या काठी त्याचा भाऊ टेन्सक्वातावा यानं वेगवेगळ्या जमातींचं एक गाव वसवलं होतं. नोव्हेंबर १८११ मध्ये टेकुम्से दक्षिणेत माणसं जोडायला गेला असताना हॅरिसन हजारेक लोकांनिशी त्या गावापाशी येऊन तळ ठोकून बसला. कवायती फौजेचा मुख्य होता बॉइड. त्याच्याकडे चौथी रेजिमेंट आणि रायफल रेजिमेंटची एक तुकडी होती. बाकीचे इंडियाना आणि केंटकीचे हंगामी लढवय्ये.

७ नोव्हेंबरला पहाटेच्या अंधारात, पावसात, हल्ला आला. शेकोट्या पेटलेल्या असल्यामुळे छावणीतली माणसं उजेडात होती आणि मारणारे काळोखात. इथं कवायती शिपायांनी रांग सोडली नाही आणि उजाडताच संगिनी लावून पुढे सरकले. खर्ड्याच्या रात्री निजामाला जे जमलं नाही ते इथं घडलं. अमेरिकी बाजूचे बासष्ट जण गेले, सव्वाशेवर जखमी झाले. दुसऱ्या दिवशी रिकामं झालेलं गाव आणि त्यातला मक्याचा साठा हॅरिसनच्या लोकांनी जाळला. हॅरिसननं या लढाईच्या नावावर १८४० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकली.

बॉइडच्या चरित्रात मला सर्वांत अस्वस्थ करणारी जागा ही आहे. दख्खनच्या सरहद्दीवर तो लढायला आला, तेव्हा तहात सरकत होता तो वसुलाचा हक्क. परांडा परगण्याचा सारा कधी पुण्याला जाई, कधी हैदराबादला. कधी दोघांचेही कारकून एकाच गावात येऊन बसत आणि रयत दुहेरी भरडली जाई. हे सुखाचं मुळीच नव्हतं. फाल्गुनात खळ्यावर आलेली ज्वारी दोन लष्करांच्या जनावरांपुढे गेली असेल तर त्या घरांनी पुढचं वर्ष कसं काढलं, हे कुठल्या बखरीत लिहिलेलं नाही. तरीही पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेतकरी जागेवर राहिले. गाव राहिलं. टिपकनूच्या काठी सरहद्द सरकली ती माणसांना उठवून. करारात गेली ती जमीन, आणि तिच्यावर राहणाऱ्यांनी निघून जायचं होतं. दोन्हीकडे तोच अधिकारी, तीच कवाइत, त्याच संगिनी. बॉइडला स्वतःला या फरकाचा विचार करावासा वाटला असेल अशी खूण मला त्याच्या आयुष्यात सापडत नाही.

त्यानंतरची कारकीर्द उताराची. २६ ऑगस्ट १८१२ ला तो ब्रिगेडियर जनरल झाला. इंग्लंडशी युद्ध जुंपलं होतं. मे १८१३ मध्ये नायगारावरचा फोर्ट जॉर्ज घेण्याच्या कामगिरीत तो होता. ११ नोव्हेंबर १८१३ ला सेंट लॉरेन्स नदीच्या काठी क्रायस्लरच्या शेतावर, वरिष्ठ आजारी पडल्यानं, मुख्य जबाबदारी त्याच्यावर आली. त्याच्याकडे सुमारे अडीच हजार माणसं, समोर इंग्रज आणि कॅनडाचे नऊशेच्या आसपास. बॉइडनं तुकड्या एकामागून एक तुटक पाठवल्या आणि तो हरला. विनफील्ड स्कॉट या पुढे नावाजलेल्या सेनापतीनं त्याच्याबद्दल लिहिलं ते असं: हाताखाली बरा, स्वभावानं सौजन्यशील, पण मुख्य म्हणून डळमळीत आणि निकामी. स्कॉटची जीभ तिखट होती हे धरलं तरी मत पटतं. भाड्याच्या पलटणीच्या मालकाला माणसं राखावी लागतात, कारण ती त्याचं भांडवल असतात. सात-आठ वर्षं हा हिशेब केलेला माणूस सगळी फौज एका डावावर लावताना कचरला, तर मला त्याचं नवल वाटत नाही. युद्ध संपताच, १८१५ मध्ये, त्याला सेवामुक्त केलं गेलं. १८१६ मध्ये त्यानं आपल्या बचावासाठी कागदपत्रांचं एक पुस्तक छापलं. १८३० मध्ये बॉस्टन बंदराच्या जकात कचेरीत त्याला पद मिळालं आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तो वारला.

इंग्रजीत त्याच्यावर जे लिहिलं गेलं त्यात हिंदुस्थानातली वर्षं दोन परिच्छेदांत उरकलेली असतात, आणि आपल्याकडे त्याला नीरेच्या पुलावरची एखादी ओळ मिळते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो मोडी रुमाल बांधलेले आहेत. पायदळाची तैनात, बारूदखान्याचा खर्च, पलटणीच्या हजेऱ्या अशी कागदं पेशवे सरकार काटेकोर ठेवत असे. १७९६-९७ च्या हिशेबांतून या फिरंगी सरदाराचा तपास घेण्यासारखा आहे, आणि त्याहून अधिक त्याच्या हाताखालच्या अठराशे जणांचा: ते कुठल्या गावचे होते, किती पगारावर होते, आणि पलटण फिलोजला विकली गेली तेव्हा त्यांच्यातले किती जण घरी परतले. मोडी वाचता येणारी मुलं मराठवाड्यात पुन्हा तयार होत आहेत. त्यांच्यातल्या कुणी परांडा परगण्याच्या कागदांपासून सुरुवात केली, तर पहिला धागा बहुधा तिथंच मिळेल.